एका माणसासाठी अख्खा कायदा

ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लेखी अवतार.

आमची दोन एकर जमीन पाझर तलावात गेली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मावेजा मिळाला, पण फारच कमी. आजोबा वाढीव मावेजासाठी कोर्टात गेले. शेवटी निकाल लागून चेक आला, तेव्हा तो घ्यायला आजी होती. आजोबा नव्हते. लहानपणी मला एकच प्रश्न पडायचा : पैसे सरकारने द्यायचे, तर ते किती हे सरकारच कसं काय ठरवतं?

हाच प्रश्न घेऊन आज अमेरिकेत जाऊया.

इंग्लंडच्या राजावर त्याच्याच कोर्टात दावा लावता येत नसे. अमेरिकेने राजा घालवला, पण ही समजूत ठेवून घेतली. सरकारची परवानगी असल्याशिवाय सरकारवर दावा नाही! त्यात राज्यघटना सांगते, की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही. मग सरकारकडे ज्याचे पैसे निघतात त्याने करायचं काय? अर्ज घेऊन थेट काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे जायचं. मग त्याच्या नावाने विधेयक यायचं, समिती ते तपासायची, दोन्ही सभागृहं मंजूर करायची आणि राष्ट्राध्यक्ष सही करायचे. एका माणसाच्या पैशांसाठी एक अख्खा कायदा. यालाच म्हणतात प्रायव्हेट लॉ.

आता एक गोष्ट ऐका. १३ मे १८६२, पहाट व्हायची होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. दक्षिणेच्या चार्ल्सटन बंदरात 'प्लँटर' नावाची आगबोट उभी होती, वर तोफा लादलेल्या. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले. बोटीवर होते गुलाम खलाशी, आणि त्यांच्यात २३ वर्षांचा रॉबर्ट स्मॉल्स. त्याने कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली, बायकामुलांना बोटीत घेतलं आणि प्रत्येक किल्ल्यासमोरून ठरलेल्या शिट्ट्या वाजवत बोट बाहेर काढली. फोर्ट समटर मागे पडल्यावर पांढरं निशाण चढवलं आणि तोफांसकट बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पकडले गेले असते तर मरण ठरलेलं होतं.

शत्रूचं जहाज पकडलं की आरमाराच्या लोकांना बक्षिसाचा वाटा मिळायचा. पण ही माणसं आरमारातली नव्हती. म्हणून काँग्रेसने ३० मे रोजी, म्हणजे जेमतेम सतरा दिवसांत, खास त्यांच्यासाठी कायदा केला : बोटीच्या किमतीचा अर्धा हिस्सा या लोकांना द्यावा.

किती झटपट काम, नाही का? पण खरी गोम पुढेच आहे. किंमत कोण ठरवणार? सरकारच. किंमत लावली सुमारे ९,००० डॉलर. स्मॉल्सच्या वाट्याला आले १,५०० डॉलर.

पुढे हाच स्मॉल्स साउथ कॅरोलिनातून निवडून आला आणि १८७५ मध्ये स्वतः काँग्रेसमध्ये जाऊन बसला. १८८३ मध्ये एका समितीच्या अहवालात लिहिलं गेलं, की लावलेली किंमत हास्यास्पद होती, बोट साठ हजारांच्या वर जायला हवी होती. म्हणजे चूक कागदावर कबूल! तरी पैसे? नाहीत. ते मंजूर झाले १९०० मध्ये. ५,००० डॉलर, तेही आधीचे १,५०० वजा करून. मध्ये ३८ वर्षं गेली होती. तेवीस वर्षांचा पोरगा एकसष्ट वर्षांचा झाला होता.

आणि हा तर संसदेत बसलेला माणूस. साध्या माणसाचं काय होत असेल?

हे दुखणं लोकांना आधीच कळलं होतं. एकेकाच्या हिशोबाचा निवाडा करणं हे कोर्टाचं काम, संसदेचं नव्हे, असं जॉन क्विन्सी ॲडम्स १८३२ मध्येच म्हणत होते. १८५५ मध्ये 'कोर्ट ऑफ क्लेम्स' निघालं, पण ते फक्त शिफारस करायचं, निर्णय पुन्हा काँग्रेसचाच. डिसेंबर १८६१ मध्ये लिंकननी काँग्रेसला सांगितलं, की नागरिकांमधला न्याय करणं जसं सरकारचं कर्तव्य, तसंच स्वतःविरुद्धचा न्याय वेळेत देणं हेही कर्तव्यच. १८६३ मध्ये त्या कोर्टाला निकाल देण्याचा अधिकार मिळाला. तरी सरकारी गाडीने धडक दिली, तर भरपाईसाठी प्रायव्हेट लॉच लागायचा! १९०५ ते १९०७ या काळात असे सहा हजारांहून जास्त कायदे झाले, त्यांतले बहुतेक पेन्शनचे.

जुलै १९४५ मध्ये लष्कराचं विमान धुक्यात एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं आणि चौदा जण गेले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की सरकारी नोकराच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तर कोर्टात जा. अशा दाव्यांची खासगी विधेयकं त्याच वर्षी बंद केली गेली. आज प्रायव्हेट लॉ क्वचितच निघतो.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. ज्याने पैसे द्यायचे त्यानेच आकडा ठरवला, तर तो उपकार होतो. आकडा तिसऱ्याने ठरवला, की हक्क होतो. आजोबांकडे निदान तो तिसरा होता. पण स्मॉल्ससारखंच त्यांचंही आयुष्य वाट पाहण्यात गेलं. म्हणून लिंकनच्या वाक्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एकच शब्द : वेळेत.

तुमच्या घरातही अशी एखादी फाईल असेलच. आजी-आजोबांना विचारा, ऐकून घ्या आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!