शाळा कुणाच्या कष्टावर उभी राहते?

आज आम्ही दूरदेशीच्या एका शाळेची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेत मेरीलँड राज्यात एमिट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कॅथलिक वस्तीतल्या मुलींसाठी १८१० च्या फेब्रुवारीत एक मोफत शाळा सुरू झाली. आपल्या सावित्रीबाई पुण्यात शिकवू लागल्या १८४८ साली, त्याच्या अडतीस वर्षं आधी.

ही शाळा काढणारी एलिझाबेथ सेटन. न्यूयॉर्कच्या डॉक्टरची लेक. नवऱ्याचा धंदा बुडाला, मग क्षयानं तोही गेला. १८०३ साली, एकोणतिसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरात पाच लेकरं. पुढे तिनं कॅथलिक पंथ घेतला, तेव्हा जवळच्या माणसांनीही पाठ फिरवली. पोटासाठी ती शिकवू लागली.

१८०९ मध्ये ती सोबतिणींना घेऊन एमिट्सबर्गला आली. दगडी घर लहान, थंडीत बर्फ आत यायचा. कॉफी परवडेना, म्हणून गाजराची कॉफी करून प्यायच्या. मग मोफत शाळेचा खर्च कसा भागला? ऐपतीच्या घरच्या मुली तिथं राहून शिकत. त्यांच्या फीतून गरीब मुलींचं शिक्षण निघे.

एलिझाबेथच्या दोन मुली तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. १८२१ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी तीही गेली. पण काम थांबलं नाही, कारण तिनं बायांची संघटनाच उभी केली होती.

१८८४ साली बिशपांनी ठरवलं, की प्रत्येक चर्चची स्वतःची शाळा हवी. ठराव पुरुषांनी केला, वर्गात उभ्या राहिल्या मुख्यतः सिस्टर, अगदी तुटपुंज्या पैशांत. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत ५० लाखांवर मुलं होती. पुढे सिस्टर कमी झाल्या, पगारी शिक्षक नेमावे लागले. खर्च झेपेना, तशा कितीतरी छोट्या शाळा बंद पडल्या. बायांच्या श्रमाची खरी किंमत तेव्हा कळली.

आपल्याकडे अंगणवाडीच्या ताई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आजही मानधनावरच राबतात. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची नावं असतात, यांची नसतात. म्हणून आम्ही म्हणतो, गटाच्या पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा, आपल्या गावची शाळा कुणी सारवली, पाणी कुणी भरलं? ती नावं वहीत लिहून ठेवा.