जाळलेले रोखे आणि नवी पत

सिबिल स्कोअर बिघडला की माणूस आधी विचारतो, जुनी नोंद पुसता येईल का? हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्याचं उत्तर आगीत शोधलं होतं.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी जमावाने सावकारांची घरं-दुकानं गाठली. रोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. हे लोण नगर जिल्ह्यातही पोहोचलं. राग माणसापेक्षा कागदावर जास्त होता. रोखे हाती आले की जमाव बहुधा पांगत असे.

त्यामागे कारण होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापूस महागला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच शेतसारा वाढला. 1859 च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. ती संपत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई आणि निरक्षर कुणबी खाली निशाणी करी. आपल्याच कर्जाचा हिशेब त्याला वाचता येत नव्हता.

कागद जळले, पण पत परत आली नाही. बियाण्यासाठी पुन्हा सावकाराचाच उंबरठा होता. 1879 च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा जुना हिशेब तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जदाराला पावती मागण्याचा हक्क. पुढे 1904 च्या कायद्याने दहा माणसांना एकत्र येऊन पतसंस्था काढता येऊ लागली. गावातल्या संस्थेत सगळे एकमेकांच्या कर्जाला जबाबदार. मुंबई इलाख्यातली पहिली अशी संस्था 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली. एकट्याला ज्याची पत नव्हती, त्याला शेजाऱ्यांच्या भरवशावर छोटं कर्ज मिळू लागलं. ते फेडलं की नवी नोंद होई.

कुराणातल्या सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची शिकवण आहे. त्याआधी, 280 व्या आयतीत, अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याची. नोंद आणि सवलत या दोन्ही गोष्टी मला एकत्रच वाचाव्याशा वाटतात. सुप्याला नोंद होती, न्याय नव्हता.

आज वहीची जागा 300 ते 900 मधल्या एका आकड्याने घेतली आहे. काही बँका ठरावीक वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ मानून तिथे कर्ज सहजी देत नाहीत, हे सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं. अशा मोहल्ल्यातल्या माणसाची पत त्याने काही करण्याआधीच पत्त्यावरून ठरते. म्हणून स्वतःच्या नावावरची स्वच्छ नोंद त्याला इतरांपेक्षा जास्त लागते.

ती मिळवण्याचा रस्ता जुनाच आहे. आधी आपला हिशेब वाचायचा: पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चूक असेल तर लेखी तक्रार करायची. खरी थकबाकी असेल तर ती फेडून तसं पत्र घ्यायचं. मग मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड किंवा झेपेल एवढं छोटं कर्ज घेऊन तारीख न चुकवता भरायचं. व्याज नको असणाऱ्याने कार्डाचं पूर्ण बिल मुदतीत भरावं.

जुनी नोंद पैसे घेऊन पुसून देतो म्हणणारे आजही भेटतात. खरी नोंद अशी पुसली जात नाही. महिन्यामागून महिना तिच्यावर चांगल्या नोंदी चढवाव्या लागतात.