समीकरण : चित्र की अक्षर?

पुस्तकात समीकरण दिसले की आपल्यापैकी पुष्कळजण पान उलटतात. आज त्या उलटलेल्या पानावरच क्षणभर थांबावयाचे आहे. समीकरण सोडवावे कसे, हा आपला विषय नव्हे. ते कागदावर आणि आता विद्युत्-पुस्तकाच्या पडद्यावर मांडावे कसे, एवढाच आहे. वरवर पाहता हा छापखान्यातला प्रश्न वाटतो. वास्तविक, ज्ञान कोणापर्यंत पोचावे आणि कोणी दाराबाहेर राहावे, हे त्यावर ठरत आले आहे.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात एक उदाहरण घातले आहे. एकापाशी सहा घोडे व तीनशे रूपे. दुसऱ्यापाशी तशाच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर शंभराचे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत काय? जुन्या रीतीत अज्ञातासाठी 'या' व ज्ञात संख्येसाठी 'रू' लिहीत; एक पक्ष वर, दुसरा त्याच्याखाली; आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब देत. बरोबरीचे चिन्ह नव्हतेच. एकाखाली एक असणे हीच बरोबरी! उत्तर शंभर. परंतु नक्कल करणाऱ्याच्या हातून ते टिंब गळाले, तर घोड्याची किंमत एकदम पन्नासावर येते. गद्यात टिंब गळाले तर आपण अर्थ सावरून घेतो; समीकरणात जागा हाच अर्थ असतो.

युरोपात रॉबर्ट रेकॉर्ड याने 1557 साली बरोबरीसाठी दोन समांतर रेषा योजिल्या, कारण त्यांच्याइतक्या समान दुसऱ्या दोन वस्तू नाहीत, असे त्याला वाटले. पुढे चिन्हे वाढत गेली. पण खिळ्यांची छपाई मूळची सरळ ओळीची. अंशाखाली छेद, अक्षराच्या खांद्यावर घातांक, वर्गमूळाचे छप्पर, हे सारे जुळाऱ्याला बारीक तुकडे हाताने बसवून उभे करावे लागे. म्हणून गणिताची छपाई महाग, आणि ती जाणणारे कारागीर थोडे.

ही कला मागे पडू लागली तेव्हा अमेरिकेतील डोनाल्ड नुथ या संगणकशास्त्रज्ञाला तिची किंमत कळली. 1977 मध्ये त्याच्या एका ग्रंथखंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते नव्या फोटो-छपाईतून आली, ती त्याला पाहवेनात. त्याने लेखन बाजूला ठेवले आणि 'टेक्' ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच रचली. काम थोडक्यात आटोपेल असा त्याचा अंदाज होता. त्यात सुमारे दहा वर्षे गेली. ही प्रणाली त्याने जगाला विनामूल्य दिली. तीत लेखक समीकरणाचे चित्र काढीत नाही. हा अंश, हा छेद, हा घातांक, असे शब्दांत सांगतो, आणि मांडणी यंत्र करते.

या गोष्टीचे खरे फळ पुण्यात वाढलेल्या एका माणसाने दाखविले. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. पुण्याच्या नवरोसजी वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणिताची पदवी घेतली. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 1994 साली त्यांनी 'ॲस्टर' ही प्रणाली प्रबंधरूपाने सादर केली. नुथच्या पद्धतीने लिहिलेला मजकूर ती वाचून दाखवी. 'एक भागिले क्ष अधिक दोन' असे आपण नुसते म्हटले, तर दोन छेदात आहे की बाहेर, हे ऐकणाऱ्याला कसे कळावे? ॲस्टर आवाजाची पट्टी बदलून रचना कानाला दाखवी; घातांक आला की स्वर चढे. डोळ्यांसाठी केलेल्या लेखनातून कानांचे गणित निघाले, कारण त्या लेखनात रचना जिवंत होती.

दैवदुर्विलास असा की, जगभरच्या संगणकांना जोडणारे 'वेब' भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्मले, तरी त्याच्या लेखनभाषेत आरंभी समीकरणाला जागाच नव्हती. 'मॅथएमएल' ही गणिताची खूणभाषा 1998 साली मान्य झाली; ई-पुस्तकांच्या 'ईपब' या नमुन्याने तिला 2011 मध्ये आपलेसे केले; आणि 'क्रोम' या बहुप्रचलित न्याहाळकात ती 2023 मध्ये स्थिरावली. मधल्या काळात प्रकाशकांनी सोपी वाट धरली : समीकरणाचे चित्र डकवावयाचे. वाचकाने अक्षर मोठे केले तर मजकूर वाढतो, चित्र मात्र तेवढेच राहते किंवा धूसर होते. आणि अंध विद्यार्थ्याला तेथे वाचक-यंत्र 'चित्र' एवढेच सांगून पुढे सरकते. ज्या ओळीसाठी धडा लिहिला, नेमकी तीच ओळ मुकी!

चित्र अगदी हुबेहूब असले तरी ते लेखन नव्हे, हे या इतिहासाचे सार होय. आज आपली पाठ्यपुस्तके पडद्यावर येत आहेत. ती चकचकीत आहेत की नाहीत, हे पाहणारे पुष्कळ आहेत. आपण पालकांनी आणि शिक्षकांनी एकच पाहावे : डोळे मिटून ते पुस्तक ऐकले, तर त्यातले समीकरण बोलते काय?