ट्रिगर आणि अधिकारदान : एका प्रश्नाचा इतिहास

डेटाबेसातील एखाद्या तक्त्यात नोंद झाली, बदलली वा पुसली गेली असता आपोआप घडून येणाऱ्या क्रियेस ट्रिगर म्हणतात. असा ट्रिगर निर्माण करण्याचा अधिकार कोणास द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः त्याच्या पोटी दुसरा व अधिक बिकट प्रश्न दडलेला आहे : ट्रिगर चालतो तो कोणाच्या अधिकाराने?

या विषयाची दोन्ही सूत्रे एकाच प्रयोगशाळेत निघाली. आयबीएमच्या सॅन होजे येथील ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातून 1976 साली ग्रिफिथ्स व वेड यांनी अधिकारदानाची पद्धती मांडली. तक्ता निर्माण करणारा त्याचा धनी. तो इतरांस अधिकार देई, पुढे देण्याची मुभाही देई, आणि दिलेले परत घेताच त्यावर आधारलेली पुढची साखळीही गळून पडे. त्याच वर्षी तेथेच ईश्वरन यांचा ट्रिगरविषयक अहवाल सिद्ध झाला. तथापि या दोन विचारांची सांगड प्रमाणभाषेत घातली जाण्यास बराच काळ लोटला. 1986 च्या एस्क्यूएल प्रमाणात अधिकारदान होते, ट्रिगर नव्हता. ट्रिगर व त्याचा स्वतंत्र अधिकार ही दोन्ही 1999 च्या प्रमाणात आली.

मधल्या काळात उत्पादकांनी आपापले मार्ग काढले. 1992 च्या ओरॅकल 7 मध्ये ट्रिगर आला. तेथे तो धन्याच्या अधिकाराने चालतो. मात्र ‘रोल’द्वारा मिळालेले अधिकार त्यात जमेस धरले जात नाहीत, ते धन्यास थेट द्यावे लागतात. मायएस्क्यूएलच्या 5.0 आवृत्तीत ट्रिगर निर्माण करण्यास ‘सुपर’ हा अधिकार लागे. त्यायोगे इतरांची जोडणी तोडणे व साऱ्या सर्व्हरच्या मांडणीत फेरफार करणे शक्य होई. एका तक्त्यावरील लहानशा कामासाठी व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या खात्यास जवळजवळ सर्वाधिकार देणे भाग पडे. ही विसंगती 5.1.6 मध्ये तक्त्यापुरता वेगळा अधिकार आणून दूर करण्यात आली. तरी बायनरी लॉग चालू असता ‘सुपर’ची अट पुढेही उरली.

परंतु निर्मितीचा अधिकार आखडता केला म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. मायएस्क्यूएलचा ट्रिगर निर्मात्याच्या अधिकाराने चालतो. म्हणून सामान्य लेखनिकाने केलेली नोंदही बलिष्ठ निर्मात्याचे हात चालविते, आणि त्या निर्मात्याचे खाते काढून टाकल्यास नोंदच अडते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ट्रिगरचे फंक्शन सामान्यतः नोंद करणाराच्या अधिकाराने चालते. तेथे दुर्बलाने लिहिलेली आज्ञा प्रशासकाच्या एका नोंदीने प्रशासकाचे बळ घेऊन चालू शकते.

तेव्हा ट्रिगर हे एक प्रकारचे मुखत्यारपत्रच होय. ते लिहिण्याची परवानगी कोणास, एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाच्या नावाने वठते हेही पाहिले पाहिजे. सॉल्ट्झर व श्रोडर यांनी 1975 साली सांगितलेले किमान अधिकाराचे तत्त्व ट्रिगरला लावावयाचे तर ते निर्माता, धनी व नोंद करणारा या तिघांनाही लावावे लागते.