जय भीम कॉम्रेड

आनंद पटवर्धन यांचा माहितीपट (२०११). लांबी तीन तासांहून अधिक. चित्रीकरण सुमारे १४ वर्षे चालले. आंबेडकरी शाहीर, त्यांची गाणी आणि त्यांच्यावर सत्तेचा व कधी स्वतःच्याच संघटनेचा येणारा दबाव हा त्याचा विषय.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांनी पाहिला. संतापून रस्त्यावर आलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्ट्यांवरील माहितीपटात घोगरे गायले होते. ते डाव्या आव्हान नाट्य मंचाचे गायक. पुढे मंचाने त्यांना बाहेर काढले. अखेरच्या क्षणी त्यांनी कपाळाला निळी पट्टी बांधली होती. वर्षानुवर्षे लाल झेंड्याखाली गाणाऱ्या माणसाने जाताना आंबेडकरी निळा रंग का निवडला, या प्रश्नातून माहितीपट उभा राहतो. शीर्षकातले ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ घोगरे यांच्या आयुष्यात एकत्र नांदू शकले नाहीत, ही वेदना त्यात शेवटपर्यंत जाणवते.

वस्तीतले जलसे, जयंतीच्या मिरवणुका, चाळीतल्या बायकांची गाणी यांना पटवर्धन भरपूर वेळ देतात, आणि तेच योग्य आहे: ही परंपरा छापील पानापेक्षा गळ्यात अधिक जगली. गोळीबाराचा खटलाही माहितीपटात सोबत चालतो. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली.

उत्तरार्धात पुण्याचा कबीर कला मंच आणि त्याच्या गायिका शीतल साठे येतात. नक्षलवादी असल्याच्या आरोपामुळे मंचाचे कलावंत भूमिगत झाले. माहितीपट आल्यानंतर, साठे व मंचाचेच सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. साठे तेव्हा गरोदर होत्या. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. माळींना तो मिळायला २०१७ उजाडले.

जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत माहितीपटाचा खेळ झाला. ज्यांची ही गोष्ट, त्यांच्याच अंगणात तो दाखवण्याला पुरस्कारांहून अधिक मोल आहे. ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. ती रक्कम पटवर्धनांनी कबीर कला मंचाच्या बचाव समितीला दिली.

शाहीर आणि सत्ता यांच्यातला हाच पेच कथापटात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) मांडला. गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्यात नारायण कांबळे या शाहिरावर येतो. गाणी संभाजी भगत यांची. कांबळेंची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले.