ए. एम. क्लाइन : चार भाषांच्या संगमावरील कवी

कॅनडाच्या वाङ्मयेतिहासाचे विवेचन सामान्यतः इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन प्रवाहांत केले जाते. ही विभागणी सोयीची असली, तरी अब्राहम मोझेस क्लाइन या कवीपाशी ती अपुरी पडते. क्लाइनने लिहिले इंग्रजीत. पण त्याच्या घरची भाषा यिडिश, धर्मग्रंथांची हिब्रू आणि तो ज्या मॉन्ट्रियल नगरात वाढला तेथील बहुसंख्यांची भाषा फ्रेंच. या तिन्ही भाषांचे संस्कार इंग्रजी कवितेत आणता येतील काय, आणि आणले तर ती कविता वाचणार कोण, हे दोन प्रश्न त्याच्या काव्यजीवनाच्या मुळाशी आहेत.

१९०९ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या रात्नो या गावी, एका धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो स्वतः मात्र आपले जन्मस्थान मॉन्ट्रियल हेच सांगत असे. लहानपणी त्याने तालमूदचा अभ्यास केला. शाळेत आणि १९३० पर्यंत मॅकगिल विद्यापीठात त्याचे शिक्षण इंग्रजीतून झाले. कायद्याची पदवी त्याने १९३३ मध्ये मॉन्ट्रियलच्या फ्रेंच विद्यापीठातून घेतली. उपजीविकेसाठी तो वकिली करी. १९३८ पासून १९५५ पर्यंत ‘कॅनेडियन ज्युइश क्रॉनिकल’ या साप्ताहिकाचे संपादन त्याने केले, सॅम्युएल ब्रॉन्फमन या उद्योगपतीची भाषणे लिहून दिली आणि १९४९ च्या संसदीय निवडणुकीत समाजवादी सी. सी. एफ. पक्षातर्फे उभा राहून पराभवही पत्करला. कवितेच्या वाट्याला उरला तो या साऱ्या व्यापांतून वाचलेला वेळ.

‘हॅथ नॉट अ ज्यू’ (१९४०) हा त्याचा पहिला संग्रह. शायलॉकच्या भाषणातून घेतलेले हे शीर्षकच संग्रहाचा रोख सांगते. ज्यू इतिहास, आख्यायिका आणि बालगीते यांचे भांडार त्याने येथे इंग्रजीत खुले केले. १९४४ चे ‘द हिटलेरियाड’ हे उपहासकाव्य मात्र फसले. पोपच्या ‘डन्सियड’च्या धाटणीने सुमार ग्रंथकारांची खोड मोडता येते, वंशसंहारापुढे तो उपहास थिटा पडतो.

क्लाइनच्या कर्तृत्वाचे शिखर म्हणजे ‘द रॉकिंग चेअर अँड अदर पोएम्स’ (१९४८). या संग्रहाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार लाभला. येथे विषय बदलला आहे. कवीची नजर आता फ्रेंच क्वेबेककडे वळली आहे. शीर्षककवितेतील झुलती खुर्ची, जागा न सोडता सतत हलत राहणारी, ही त्या परंपरानिष्ठ घराची प्रतिमा आहे. ती रेखाटताना कवी हसतो, पण हिणवत नाही. आपली भाषा आणि धर्म जपत अल्पसंख्य म्हणून जगणे म्हणजे काय, हे त्याला घरातूनच ठाऊक होते. म्हणूनच कॅनडातील दुसऱ्या अल्पसंख्य समाजाचे हे चित्र आतल्या ओळखीने उतरले आहे. कॉनवागा येथील आदिवासी वसाहतीवरील कवितेत, प्रवाशांपुढे विक्रीस मांडलेल्या जीवनाची वेदनाही त्याच ओळखीतून येते. ‘मॉन्ट्रियल’ या कवितेत तर इंग्रजी आणि फ्रेंच या दोहोंना जवळचे वाटतील असे शब्द वेचून त्याने नगराची द्विभाषिकता पदरचनेतच उतरवली. अशी कविता अनुवादकाची कसोटी पाहते, कारण तिचा अर्थ कळला तरी दोन भाषांची ती जवळीक तिसऱ्या भाषेत नेता येत नाही.

या संग्रहाच्या अखेरीस ‘पोर्ट्रेट ऑफ द पोएट ॲज लँडस्केप’ ही दीर्घ कविता आहे. समाजाला कवीची गरजच उरलेली नाही. तो नाहीसा झाला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. तरीही तो आदमप्रमाणे वस्तूंना नव्याने नावे देत राहतो, हे तिचे सूत्र आहे.

१९४९ मध्ये इस्रायल, युरोप व उत्तर आफ्रिका यांचा प्रवास करून आल्यावर त्याने ‘द सेकंड स्क्रोल’ (१९५१) ही कादंबरी लिहिली. तोरातील पाच ग्रंथांची नावे तिच्या पाच प्रकरणांना दिलेली आहेत. त्यानंतर मनोव्याधीने त्याला ग्रासले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्याने लेखन व सार्वजनिक जीवन दोन्ही सोडले. १९५७ चे लॉर्न पिअर्स पदक या मौनाच्या काळातले. १९७२ मध्ये तो वारला.

उपर्युक्त कविता या मौनाचे भाकीत होती, असे म्हणण्याचा मोह टीकाकाराला होतो. तो टाळणे बरे. व्याधीला वाङ्मयीन कारण देणे म्हणजे माणसाच्या दुःखाचे रूपक करणे होय. पण कवितेने मांडलेली तक्रार व्याधीहून जुनी आणि स्वतंत्रपणे खरी आहे. क्लाइनच्या चारही भाषांना वाचक होते. चारही जाणणारा वाचक मात्र विरळा. तरुणपणी त्याच्याकडे लॅटिन शिकलेला अर्व्हिंग लेटन आणि १९६१ च्या संग्रहात त्याला उद्देशून कविता लिहिणारा लेनर्ड कोहेन, हे दोन मॉन्ट्रियलचे कवी त्याच्या वाटेने पुढे गेले. मिरियम वॉडिंग्टन यांनी संपादित केलेल्या त्याच्या समग्र कविता १९७४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याचा वाचकवर्ग असा मागाहून, त्याच्याच कवितेने घडवला. घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या देशातील लेखकांना हा इतिहास परका वाटू नये.