औषधाची चिठ्ठी, संगणक आणि रुग्णाची बोली

नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसरात कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी समाजांची वस्ती आहे. अशा ठिकाणी औषधाची चिठ्ठी रोमन लिपीत लिहिली जाते, तिचा खुलासा मराठीत होतो आणि घरी तिची उजळणी बोलीत होते. चिठ्ठीतील चूक टाळण्यासाठी डॉक्टरांच्या साह्यास आलेल्या संगणकाने या तीन पायऱ्यांपैकी कोणती सुरक्षित केली, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे होमर वॉर्नर यांची ‘हेल्प’ ही प्रणाली १९६७ पासून कार्य करू लागली. पुढील दशकात तिने औषधांसंबंधी इशारे देण्यास आरंभ केला. १९७६ साली इंडियानापोलिस येथील क्लेमेंट मॅक्डोनल्ड यांनी असे प्रतिपादन केले, की डॉक्टरांच्या पुष्कळशा चुका अज्ञानातून होत नसून, मनुष्याच्या अवधानाला मर्यादा असल्यामुळे होतात. सबब स्मरण देण्याचे काम यंत्राकडे सोपवावे. बॉस्टन येथील एका रुग्णालयात संगणकावरून औषधे लिहिण्याची पद्धत आल्यावर वेळीच न अडविल्या गेलेल्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या, असे १९९८ साली प्रसिद्ध झाले. तथापि इशारे फार झाले की त्यांचा धाक उरत नाही. २००६ मधील एका समीक्षेनुसार ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूस सारीत होते.

ही सर्व प्रगती पहिल्या पायरीची होय. पुढच्या पायऱ्यांवर काय घडते, याचे उद्बोधक उदाहरण न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात आढळले. तेथील औषधदुकानांत संगणकाने केलेल्या स्पॅनिश सूचनांपैकी निम्म्या सदोष होत्या, असे २०१० साली दिसून आले. इंग्रजीत ‘एकदा’ असा अर्थ असलेला शब्द तसाच राहिला, तर स्पॅनिश वाचकास त्याच अक्षरांचा अर्थ ‘अकरा’ असा होतो.

आपल्याकडे २०१६ साली वैद्यक परिषदेच्या नियमांत दुरुस्ती होऊन औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे ठरले. परंतु मोठी व लहान अक्षरे हा भेद रोमन लिपीचा आहे. देवनागरीत तो नाही. म्हणजे हा नियम औषधविक्रेत्यासाठी आहे, रुग्णासाठी नव्हे. २०१९ साली सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेमुळे दूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी खेड्यात पोहोचू लागली, ही इष्टच गोष्ट होय. पण ‘जेवणानंतर तीन वेळा’ ही सूचना तीन जेवणे गृहीत धरते. द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे गेलेला मजूर दोनच वेळा जेवत असेल, तर तो तिसरी गोळी केव्हा घेईल? की घेणारच नाही? भाषांतर निर्दोष असूनही येथे चूक संभवते.

तात्पर्य, यंत्राने डॉक्टरांचे अवधान राखले. रुग्णाचे आकलन राखण्याचे कार्य शेष आहे. त्यासाठी बोलींतील वेळ, प्रमाण व आहार यांविषयीच्या शब्दांचा संग्रह व्हावयास हवा. रुग्णाने सूचना आपल्या बोलीत परत सांगावी आणि मगच चिठ्ठी पुरी झाली असे मानावे. हे काम वैद्यकाइतकेच भाषाशास्त्राचेही आहे.